'बाप'मधले अहिरे साहेब

अहिरे साहेब हॉटेलात शिरले की लगेच बसत नसत. दारातच उभं राहून मोरी कुठे, स्वयंपाकघराचं दार कुठे आणि गल्ल्यावरचा माणूस कोणाकडे बघतोय, एवढं पाहून घेत. मग पाठ भिंतीला लागेल अशी खुर्ची धरत, खांद्यावरची कापडी पिशवी मांडीवर घेत आणि तिच्यातून स्वतःचा स्टीलचा ग्लास काढून टेबलावर ठेवत. वेटरने आणलेला ग्लास एका बोटाने बाजूला सरकवत. पाणी स्वतः ओतत आणि पिण्याआधी त्याचा वास घेत. जळगावच्या आमच्या विमा कार्यालयात या ग्लासवरून पुष्कळ थट्टा चाले. कोणी म्हणे त्यांना एकदा जबर कावीळ झाली होती, कोणी म्हणे बायकोने शपथ घातली आहे. साहेब सगळं ऐकून घेत आणि म्हणत, "असं दिसतं."

हे "दिसतं" त्यांच्या जिभेवर कायमचं बसलेलं होतं. विम्याच्या दाव्यांची तपासणी हे त्यांचं काम, आणि तपासणीच्या अहवालात "आहे" लिहिलं की अंगाशी येतं, असं त्यांचं मत. त्यामुळे गोदाम जळालेलं नसायचं, जळालेलं दिसायचं. बाहेर ऊन आहे का विचारलं तर खिडकीपर्यंत जाऊन यायचे आणि सांगायचे, "पडलेलं दिसतंय." ऑफिसात कोणी पेढे वाटले तर आधी "कशाचे?" आणि उत्तर मिळालं की "बरं, बघू." पेढा संध्याकाळपर्यंत टेबलावर तसाच. पण माणूस खडूस नव्हता. संशय घेतानाही त्यांचा आवाज मऊ असायचा, म्हणून समोरच्याला उशिरा कळायचं की आपल्यावर संशय घेतला गेला आहे.

त्यांच्या म्हशीची गोष्ट आमच्याकडे नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगितली जाई. एका दूधवाल्याची विमा उतरवलेली म्हैस मेली. कानातला बिल्ला हजर, पंचांच्या सह्या हजर, म्हैस पुरलेली जागाही हजर. साहेब गेले, चहा नको म्हणाले, बाजेवर बसले आणि घरच्या बाईला हळहळून विचारलं, "नाव काय हो होतं तिचं?" बाईने डोळ्याला पदर लावून सांगितलं, "चंद्री." साहेब उठले, घरामागे गेले आणि दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडले, "चंद्री वं!" शेजाऱ्याच्या गोठ्यातून चंद्रीने लांबलचक रेकून ओ दिली. अहवालात साहेबांनी लिहिलं, "म्हैस मयत झाल्याचे दिसत नाही." त्या बाईचं रडणं मात्र खरं होतं, असं ते पुढे मला म्हणाले. म्हैस शेजाऱ्याकडे दिल्याचंच तिला वाईट वाटत होतं.

ते मूळचे धुळ्याकडचे. घर देवपुरात, बायको तिथेच शाळेत शिक्षिका. जळगावात त्यांनी दोन खोल्या घेतल्या होत्या, आणि मुलगी प्रज्ञा इथल्या एका लॅबमध्ये नोकरीला लागल्यावर त्यांच्याजवळ राहायला आली होती. ऑफिसात ते अगदी स्वच्छ पुस्तकी मराठी बोलत. अहिराणी फक्त बायकोच्या फोनवर, तीही जिन्यात जाऊन. मी एवढी वर्षं शेजारच्या टेबलावर बसले, पण माझ्याशी ते कधी एक वाक्यही अहिराणीत बोलले नव्हते. मी "साहेब" आणि ते "मॅडम", त्यापलीकडे गाडी कधी गेली नाही.

म्हणून एका बुधवारी ते टेबलावर वाकून हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, कोरियन जमेल का?" तेव्हा मी दचकलेच.

"काय?"

"जेवण."

मेहरूण तलावाच्या रस्त्याला कोरियन जेवणाचं नवीन हॉटेल निघालं होतं. कॉलेजच्या मुली तिथे झुंडीने जात. साहेबांना तिथे जेवायचं होतं, पण एकट्याने नाही. "एकटा पोक्त माणूस अशा ठिकाणी बसला की संशय येतो," ते म्हणाले. मी म्हटलं, "कोणाला?" यावर ते हसले नाहीत. चालता चालता त्यांनी सगळं सांगितलं. हे हॉटेल चालवणारा हर्षल नावाचा मुलगा प्रज्ञाने पसंत केला होता. लग्न करीन तर त्याच्याशी, असं तिने घरात सांगितलं होतं. आणि पुढे असंही म्हणाली होती की, पप्पा, तुम्ही नाही म्हणालात तर नाही करणार, पण मग दुसऱ्या कोणाचं नाव काढू नका. बायकोने निकाल साहेबांवर सोडला होता.

"मुलगा कसा आहे?"

"पाटील. भडगावकडचे," साहेब म्हणाले. मी विचारलं होतं ते वेगळं आणि त्यांनी सांगितलं ते वेगळं, पण मला समजलं. अहिरे बौद्ध. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर असलेल्या घरातली मुलगी पाटलांच्या घरात जाणार होती. "तपासावं लागेल," ते म्हणाले.

हॉटेलसमोर आलो आणि साहेब पाटीखाली थांबले. पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं 'बाप'.

"कोणाचा?" साहेबांनी मला विचारलं.

एप्रन बांधलेला उंच, काळासावळा मुलगा दारात आला. हाच हर्षल. म्हणाला, "कोरियन भाषेत भाताला बाप म्हणतात काका. जेवणालाही बापच. या, बसा." साहेब आत येताना माझ्या कानाशी पुटपुटले, "भाताला बाप. पटण्यासारखं दिसत नाही." रात्री त्यांनी ते इंटरनेटवर शोधलं. खरं निघालं, तेव्हा ते आणखीच अस्वस्थ झाले. बोलणारा पहिल्याच भेटीत खरं बोलला की त्यांना पुढे काहीतरी मोठं लपवलंय असं वाटे.

हर्षलने त्यांना आडनाव विचारलं, तेव्हा साहेब बेधडक म्हणाले, "वाणी. इथे जवळच ऑफिस आहे." आणि भिंतीला पाठ लावून बसले. पिशवीतून ग्लास काढून टेबलावर ठेवला.

त्या दिवसापासून दर बुधवारी आमचं दुपारचं जेवण 'बाप'मध्ये. हर्षल आधी पुण्याकडे एका कोरियन कंपनीच्या गेस्टहाउसात स्वयंपाकाला होता, तिथल्या म्हाताऱ्या कोरियन आचाऱ्याकडे शिकला होता. जेवण मागवलं की आधी छोट्या वाट्या येत. आंबवलेला तिखट कोबी, तिळाच्या तेलातले मोड आलेले मूग, काकडी, मुळा. या वाट्यांचे पैसे नाहीत, आणि संपल्या की न मागता पुन्हा भरल्या जात. साहेबांनी या प्रकाराचा फार धसका घेतला.

"फुकट कोण देतं मॅडम?"

"तिकडे पद्धत आहे म्हणतोय तो."

"पद्धत तिकडे. कोबी इकडचा."

ते मुद्दाम वाटी रिकामी करून बघत. भरली जाई. पुन्हा रिकामी करत. पुन्हा भरली जाई. तपास म्हणून सुरू झालेलं हे काम पुढे पुढे ते इतक्या आवडीने करू लागले की मला हसू दाबावं लागे. कोबीला पहिल्या दिवशी त्यांनी "नासलेला दिसतो" म्हटलं होतं. महिन्याभराने "मुरलेला दिसतो" म्हणू लागले. मसाल्यात आपल्या खान्देशी मिरच्या पडतात हे त्यांनी जिभेवरून ओळखलं आणि त्यावरही संशय घेतला, की कोरियाच्या नावाखाली हा आपल्यालाच शेवभाजीचा रस्सा विकतोय.

खरी पाहणी वेगळीच चालू होती. कामवाल्या बायकांना चहा कोणत्या कपात मिळतो? त्या कुठे बसून जेवतात? घंटागाडीवाला पाणी मागायला आला तर त्याला कोणता ग्लास देतात? हर्षल सगळ्यांना तेच ग्लास देई आणि बायकांबरोबर त्याच टेबलावर बसून जेवे. साहेब हे बघत आणि कागदाच्या रुमालाने तोंड पुसत म्हणत, "ठीक दिसतंय." प्रज्ञा घरी काही विचारत नसे. फक्त बुधवारी रात्री त्यांच्या ताटात कमी वाढायची, असं साहेबच सांगत. म्हणजे दुपारी कुठे जेवतो हे तिला कळलेलं दिसतं, असाही त्यांना संशय होता.

मग एका बुधवारी ते ग्लास हॉटेलात विसरले. एवढी वर्षं ज्या माणसाचा ग्लास कधी नजरेआड झाला नाही, तो विसरला! मी ऑफिसात चिडवलं, "साहेब, तपास अधिकारी ढिला पडला." ते आठवडाभर ओंजळीने पाणी प्यायले. पुढच्या बुधवारी गेलो, तर हर्षलने लख्ख घासलेला ग्लास त्यांच्यापुढे ठेवला.

"विसरला होतात काका."

"माझाच कशावरून?"

मुलगा गोंधळला. "नाव आहे ना त्यावर."

आपल्याकडे भांड्यावर नाव टाकायची पद्धत. ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं नाव ग्लासाच्या काठाखाली स्वच्छ दिसत होतं, 'बा. दे. अहिरे'. इतके महिने वाणी म्हणवणारा हा माणूस स्वतःचं नाव टेबलावर मांडून जेवत होता, आणि मीही समोर बसून ते कधी वाचलं नव्हतं.

"कधीपासून ठाऊक आहे?" साहेबांनी विचारलं.

"पहिल्या दिवसापासून," हर्षल खाली बघत म्हणाला. "पण तुम्ही वाणी म्हणालात. मोठ्या माणसाला खोटं कसं पाडायचं?"

साहेब जेवण अर्धं टाकून उठले. तलावाच्या कडेने आम्ही चालत निघालो. मला खरं तर हसू फुटत होतं, पण त्यांच्याकडे बघितलं आणि ते जिरलं. "बठ्ठा तपास वाया गया," ते स्वतःशीच अहिराणीत म्हणाले. मग माझ्याकडे वळून पुस्तकी मराठीत, "मॅडम, ज्याला माहीत असतं की आपल्याकडे कोणी बघतंय, तो चांगलाच वागतो. मी जे पाहिलं ते मला दाखवलेलं होतं."

"असं कशाला धरायचं साहेब? मुलगा सरळ आहे."

ते कठड्याशी थांबले. ग्लास हातातच होता. "आमच्या गावात चहाच्या हॉटेलात आमच्या लोकांची कपबशी बाहेर कुडात खोचलेली असायची. वडील ती काढायचे, चहा वरून ओतून घ्यायचे, प्यायचे, धुवायचे आणि परत खोचायचे. मी शेजारी उभा असायचो. मला नोकरी लागली तेव्हा आईने धुळ्याच्या बाजारातून हा ग्लास घेतला, नाव टाकून घेतलं. म्हणाली, आता कोणाच्या कपाची वाट बघू नको."

कावीळ, शपथ, आमचे सगळे विनोद मला आठवले. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "गेले ते दिवस साहेब."

"गेलेले दिसतात," ते म्हणाले.

थोडं पुढे गेल्यावर पुन्हा म्हणाले, "मुलगा खाऊ घालील हो. त्याचा धंदाच आहे. पण माझ्या पोरीने पाणी दिलं तर त्याची आई पिईल का? पोरीच्या हातचं गिळताना त्या बाईचा चेहरा कसा होईल? हे मुलाला विचारून कळत नाही." मला त्यांचा राग आला नाही, दयाही आली नाही. आपल्याला हे एवढ्या वर्षांत कधी विचारावंसं वाटलं नाही, याची लाज मात्र वाटली.

मग त्यांनी प्रज्ञामार्फत निरोप धाडला. हर्षलच्या आईला भडगावहून बोलवा. घरी नको, हॉटेलात. आणि जेवण एकाच भांड्यातलं. कोरियन लोक मधोमध उकळतं भांडं ठेवून सगळे आपापले चमचे त्यात बुडवून खातात, हे त्यांनी शेजारच्या टेबलांवर पाहून ठेवलं होतं. "उष्ट्याचा प्रश्न आहे," ते मला म्हणाले. "त्यात कोणाला नाटक करता येत नाही."

ठरल्या दिवशी आम्ही गेलो. हर्षलची आई आधीच येऊन बसली होती. तिला सगळे सुमनअक्का म्हणत. ठेंगणी, गळ्यात तुळशीची माळ, डोक्यावर पदर, हात कामाने रापलेले. माळकरी म्हणून हर्षलने बटाटे आणि सोयाबीनचं पनीर घालून कालवण केलं होतं. टेबलावर छोटी शेगडी, तिच्यावर काळं भांडं, आत सगळं रटरटत होतं. प्रज्ञा आणि हर्षल दोघे स्वयंपाकघराच्या दारात उभे. साहेबांनी ग्लास काढून टेबलावर ठेवला आणि अक्काच्या चमच्याकडे बघत बसले.

अक्का चमच्याला हात लावीना.

साहेबही लावीनात. अक्काने आधी घ्यावं आणि आपण बघावं, हा त्यांचा बेत. भांड्यातला रस्सा आटू लागला. मी "घ्या ना" म्हणायला तोंड उघडलं, तर साहेबांनी टेबलाखालून पायाने मला गप्प केलं. अक्काने एकदा भांड्याकडे बघितलं, एकदा साहेबांकडे, आणि पदर सारखा करून हात मांडीत घेतले. बटाटे विरघळायला आले. प्रज्ञाचा चेहरा मला बघवेना. साहेबांनी सावकाश ग्लास उचलला, त्यातलं पाणी टेबलावरच्या जगमध्ये ओतलं आणि तो पिशवीत ठेवला. हे उठण्याचं लक्षण मला ठाऊक होतं. तपास संपला होता.

"भाऊ," अक्का एकदम म्हणाली, "आते चालू करा ना."

साहेब खुर्ची सरकवता सरकवता थांबले. "मी?"

"मंग? पोऱ्या म्हने, त्या लोकेसमां मोठा मानूसनी चमचा उचलाशिवाय दुसरानी हात लावना नही. माले तीनदाव बजाडी सांगं त्यानी. तुमी मोठा ना. मी कव्हयनी वाट देखी ऱ्हायनू."

हर्षलने दारातच कपाळावर हात मारून घेतला. वयाने मोठ्या माणसाने चमचा उचलल्याशिवाय इतरांनी खायचं नाही, ही कोरियन रीत त्याने आईला फारच पक्की सांगून ठेवली होती. साहेबांनी त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "पढवलेलं दिसतंय," ते पुटपुटले, पण खुर्चीवर नीट बसले. मग अक्काला म्हणाले, "आणि मी चमचा उचललाच नसता तर?"

"तं उपाशी ऱ्हातू. सकायपशी पोटमां काही नही, भाऊ. भडगावनी गाडी पहाटे निंघस."

साहेबांनी चमचा घेतला. भांड्यात बुडवला, एक बटाटा चमच्याने मधोमध तोडला, अर्धा तोंडात घातला आणि तोच चमचा परत भांड्यात टेकवून अक्काकडे बघत राहिले. अक्काने भांड्यात चमचा घातला. आजूबाजूला पुष्कळ बटाटे होते. तिने साहेबांनी तोडलेला अर्धा उचलला, फुंकर मारली आणि खाल्ला. गरम होता म्हणून डोळे मिटले, गिळला आणि लगेच पनीर उचललं. भूक लागलेल्या बाईचं खाणं होतं ते. त्यात दाखवण्यासारखं काही नव्हतं.

साहेबांनी पुन्हा चमचा भांड्यात घातला आणि रस्सा चाखला. मग म्हणाले, "मीठ कमी दिसतंय."

"कमी दिसस काय, भाऊ, कमी शे," अक्का म्हणाली आणि मुलावर ओरडली, "हर्षल, मीठ आन रे!"

प्रज्ञाच मीठ घेऊन आली. टेबलापाशी आल्यावर तिला हसू आणि रडू एकदम आलं, आणि मीठ सगळं टेबलावर सांडलं.

लग्न धुळ्याला झालं. पंगतीत साहेब बसले नाहीत. भडगावची माणसं जेवतात की नुसती ताटं चिवडतात, ते बघत मंडपात फिरत राहिले आणि सगळ्या पंगती उठल्यावर एकटे जेवले. पुढे ते निवृत्त होऊन धुळ्याला गेले आणि माझी नाशिकला बदली झाली. कधीमधी फोन व्हायचा. "तब्येत कशी?" विचारलं तर "ठीक दिसतेय."

गेल्या हिवाळ्यात कामासाठी जळगावला गेले, तेव्हा दुपारी पाय आपोआप मेहरूणकडे वळले. बुधवारच होता. 'बाप' कॉलेजच्या मुलामुलींनी भरलेला. धुळ्याहून लेकीकडे आलेले साहेब गल्ल्याजवळच्या खुर्चीत, पाठ भिंतीला लावून बसले होते. केस पार पांढरे. कोबीवाला आलेला होता, आणि साहेब गड्डा नाकाशी धरून त्याच्याकडे संशयाने बघत होते. मला बघून त्यांनी मान हलवली आणि गड्डा पुन्हा हुंगला. कापडी पिशवी कुठे दिसली नाही.

मी कोपऱ्यातलं टेबल धरलं. वाढणाऱ्या मुलीने मांडणीवरच्या ग्लासांच्या रांगेतून एक ग्लास उचलला, पाणी भरून माझ्यापुढे ठेवला आणि तसाच दुसरा भरून शेजारच्या टेबलावर दिला. मी माझा उचलला. काठाखाली ठिपके होते. झिजून पुसट झाले होते, पण या वेळी मी वाचले. बा. दे. अहिरे.

मी ग्लास तसाच हातात धरून बसले. किती जण त्यातून पाणी प्यायले असतील कोण जाणे. मान वर केली तर साहेब गल्ल्यावरून माझ्याकडेच बघत होते.

"काय तपासी ऱ्हायन्यात, ताई?" ते भर हॉटेलात मोठ्याने म्हणाले. "प्या बिनधास्त. धुयेल शे."

मी पाणी प्यायले.